कमरेएवढी भिंत

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती, पण थंडी मात्र आतासारखीच पडत होती. लहानग्यांनो, आणि लहानग्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, पांघरूण जरा नीट ओढून घ्या. गोष्ट थंडीचीच आहे.

एका उंच डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं. पावसाळ्यात तिथे ढग घरात शिरत आणि हिवाळ्यात वारा. मार्गशीर्ष उजाडला की गवतावरचं दव पांढरं होई आणि पायाखाली कुरकुर वाजे.

त्या गावातली सगळी घरं एकाच तऱ्हेची होती. छप्पर एक, दार एक, आणि आत मधोमध कमरेएवढी मातीची भिंत. भिंतीच्या अलीकडे माणसं राहत, पलीकडे गुरं. संध्याकाळी त्या एकाच दारातून आधी गुरं आत येत, मग माणसं. असं का, ते कुणी विचारत नसे. आजोबांच्या आजोबांनी तसं बांधलं होतं, म्हणून नातवंडांनीही तसंच बांधलं.

त्यातल्या एका घरात एक म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि त्यांचं तान्हं बाळ राहत होतं. भिंतीच्या पलीकडे बैलजोडी होती आणि तांबू नावाची एक म्हातारी गाय.

म्हाताऱ्याची जागा ठरलेली होती. त्या बुटक्या भिंतीला पाठ टेकून तो बसे, तिथेच जेवे आणि तिथेच आडवा होई. पलीकडून तांबू भिंतीला अंग लावून बसे. दोघांचं बोलणंही चाले.

"काय गं तांबू, आज चरण्यात जीव नव्हता वाटतं?"

तांबू फुर्रकन नाक फेंदारी.

"ऐकलंस सूनबाई? ती म्हणते, वरच्या माळावरचं गवत आता जून झालं."

"मामंजी, ती नुसती शिंकली."

"तेच म्हणतो मी. तिचं सगळं थोडक्यात असतं. तुझ्यासारखं नाही."

सून पदर तोंडाला लावून हसे आणि भाकरी थापत राही.

सून खालच्या खोऱ्यातून आलेली होती. खोऱ्यात थंडी बेताची, आणि गुरांचा गोठा घरापासून दूर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गुरांसोबत एका छपराखाली राहणं तिला जड गेलं, मग सवय झाली. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या कुशीत बाळ होतं. नुकतंच पालथं पडायला लागलेलं, आणि तेही चुकून.

पहिलं बाळ होतं ते. त्यामुळे तिला सगळ्याची भीती वाटे. बाळ रडलं की वाटे, काहीतरी दुखतंय. रडलं नाही की वाटे, रडत का नाही? निजलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास चालू आहे ना ते बघे. त्या बोटाने बाळ दचकून उठे, आणि मग सगळं घर जागं. असं आणखी कोण कोण करतं, ते मी इथे विचारत नाही.

एके दिवशी गावात कासारीण आली. ती गावोगाव हिंडून बांगड्या भरायची आणि बांगड्यांसोबत बातम्याही. राजधानीत थेट राणीच्या महालात तिचं जाणं-येणं होतं, निदान असं ती सांगायची. ती सुनेच्या ओसरीवर टेकली, सुनेचा हात हातात घेऊन बांगडी चढवू लागली, आणि नेमका तेव्हाच आत एका बैलाने धो धो मूत सोडला.

कासारणीने मान वाकडी करून आत पाहिलं. बैल पाहिले. भिंतीच्या अलीकडची झोळी पाहिली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "इथं बाळ निजतं?"

एवढंच म्हणाली. पुढे तिने राणीच्या निजण्याच्या दालनाचं बरंच वर्णन केलं. भिंतींना पांढरी माती, दाराला जाड पडदा, कोपऱ्यात शेगडी, हवेत उदाचा वास. सगळं सांगून झाल्यावर ती पुढच्या घरी गेली. पण सुनेच्या कानात तेवढे तीनच शब्द राहिले.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला गाठलं.

"अहो, ही भिंत वाशांपर्यंत चढवा. आणि गुरं बाहेर काढा."

"बाहेर कुठं?"

"परसात छपरी घाला."

"अगं, पौषात गारठतील ती."

"त्यांच्या अंगावर केस आहेत. माझ्या बाळाच्या अंगावर आहेत का?"

नवऱ्याने झोळीकडे पाहिलं आणि मान डोलावली. सून सासऱ्याकडे वळली.

"मामंजी, तुम्हाला चालेल ना?"

म्हाताऱ्याने एकवार भिंतीपलीकडे बघितलं. तांबू रवंथ करत होती. त्याने एकवार सुनेकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती.

"मला काय," तो म्हणाला, "पाठ टेकायला भिंत असली म्हणजे झालं. तू तर उलट उंच करून देतेस."

मग घरात जी धांदल उडाली ती काय सांगू! मुलाने कारवीच्या काठ्या आणल्या, बुटक्या भिंतीवर उभ्या रोवल्या आणि वाशांपर्यंत कूड विणला. सुनेने शेण-माती कालवून तो दोन्ही बाजूंनी लिंपला. परसात चार खांबांवर गवताची छपरी उभी राहिली. गुरं तिकडे गेली. बैल निमूटपणे गेले. तांबू मात्र संध्याकाळ झाली की सवयीने घराच्या दाराशी येऊन उभी राही, आणि रोज तिला दाव्याने ओढून परसात न्यावं लागे.

सुनेने घर असं सजवलं की बघत राहावं. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात दिला. जमीन सारवून वर भाताचा पेंढा पसरला, पेंढ्यावर चटया, चटयांवर वाकळा. दाराला काळी घोंगडी टांगली. कोपऱ्यात शेगडी ठेवली. निखाऱ्यांवर ओव्याची चिमूट पडली की घरभर वास दरवळे. संध्याकाळी दिवा लागला की पांढऱ्या भिंती सोनेरी दिसत. कष्टाने केलेलं, मायेने केलेलं घर होतं ते. मी तिला नावं ठेवणार नाही. तिच्या जागी मी असते तर एकाऐवजी दोन भिंती घातल्या असत्या.

गावातल्या बायका बघायला येऊ लागल्या.

"अगं, हे घर आहे की देव्हारा!" शेजारीण म्हणाली. "पाय ठेवायला भीती वाटते."

"ठेव गं, ठेव. पण धुऊन ठेव."

"आणि वास म्हणून नाही कसला! आमच्याकडे पाहुणे आले की आधी शेपटीचा मार खातात, मग आंबिलीचं बघतात." शेजारीण स्वतःच हसली. "मीपण आमच्यांच्या मागे लागते. अशीच भिंत घालून घेते."

सुनेला त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागेल असं वाटलं.

पहाटे ती उठली तेव्हा बाळाचे पाय गार होते.

पाय चोळत ती विचार करू लागली. एवढं सगळं करून गार कसे? नक्की कुठेतरी फट राहिली असणार. तिने दिवसभर भिंती तपासल्या. आईला एकदा काळजी लागली की तिला फट दिसतेच. नसली तरी दिसते. तिने सगळ्या फटी लिंपल्या. दुसऱ्या पहाटे पाय पुन्हा गार. मग तिने चुलीतला जाळ वाढवला. लाकडं भराभर संपू लागली. मुलगा सकाळी रानात जाई तो अंधार पडायच्या बेतात मोळी घेऊन परते आणि जेवता जेवता पेंगू लागे. तरी घर गारच. चुलीजवळ बसलं की तोंड भाजे आणि पाठ गोठे.

मग तिला वाटलं, वारा वरून येतो. छपराखाली धूर जायला झरोका होता, तो तिने पेंढा कोंबून बंद केला. आता धूर घरातच फिरू लागला. पांढऱ्या भिंती पिवळ्या पडल्या. बाळ खोकू लागलं.

विसाव्यासाठी केलेल्या त्या घरात आता कुणालाच विसावा नव्हता. एक लाकडं आणत होता, एक फटी शोधत होती, एक खोकत होतं. आणि म्हातारा उंच भिंतीला पाठ टेकून बसायचा, थोड्या वेळाने पाठ काढून घ्यायचा, पुन्हा टेकायचा.

काही वेळाने तो उठे. "तांबूला बघून येतो," म्हणे. घोंगडी बाजूला होई, दार करकरे, आणि वाऱ्याचा झोत सरळ झोळीपर्यंत जाई. तो परत येई, पुन्हा झोत. थोड्या वेळाने पुन्हा उठे.

एका संध्याकाळी बाळ खोकून खोकून लाल झालं होतं. कसाबसा त्याचा डोळा लागला होता. तेवढ्यात दार करकरलं. बाळ उठलं आणि सुनेचा तोल गेला.

"मामंजी, एक तर आत बसा, नाहीतर बाहेर! सारखं दार उघडता, बाळाला वारा लागतो. कळत कसं नाही तुम्हाला?"

"बरं, सूनबाई," म्हातारा म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो ऊन असतानाच जेवून घेई आणि आपली घोंगडी खांद्यावर टाकून परसातल्या छपरीत जाई. तो थेट सकाळीच आत येई. दार एकदाच उघडे, एकदाच लागे.

मुलाने त्याला अडवून पाहिलं. "बाबा, हे काय? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गाय नशीबवान आहे."

"थट्टा नको. बाहेर गारठा किती आहे!"

"अरे, तांबूला एकटं वाटतं. आणि पोराला झोप लागायला हवी. जा, आत जा, दार लाव."

सुनेला हे सगळं ऐकू येत होतं. बाहेर जाऊन 'मामंजी, चुकलं माझं, आत चला' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. पण त्या दिवशी बाळ नुकतंच निजलं होतं आणि दार उघडायचं म्हणजे पुन्हा वारा. उद्या बोलावू, ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी नवरा दमून आला होता. त्याच्या पुढच्या दिवशी तिला वाटलं, आता एवढे दिवस झाल्यावर कसं बोलावायचं? चांगली माणसं वाईट वागतात ती बहुधा अशीच, एकेक दिवस पुढे ढकलत.

आणि पौषातली ती सकाळ आली. उजाडलं तेव्हा अंगणातली घागर फुटलेली होती, आतलं पाणी गोठून. झाडांची पानं काचेसारखी कडक झाली होती. सुनेने गरम आंबिलीचं भांडं पदरात धरलं आणि ती परसाकडे धावली.

छपरीला तीन बाजू उघड्या होत्या. जिकडून वारा येत होता तिकडे तांबू आडवी पसरली होती. तिच्या आडोशाला म्हातारा अंगाचं मुटकुळं करून पडला होता. त्याची अर्धी घोंगडी तिच्या पाठीवर होती. त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास होता, पण लांब लांब.

"मामंजी!"

त्याला उठवायचं तर आधी गाईला बाजूला सारायला हवं होतं. सुनेने भांडं खाली टेकवलं, दोन्ही हात तांबूच्या मानेवर ठेवले आणि ती थबकली.

तिचे हात घरातूनच बधीर होऊन आले होते. चुलीपाशी बसूनही बधीर. आणि त्या मानेखाली ऊब होती. संथ, दमट, आत खोलवरून येणारी. ती ऊब तिच्या ओळखीची होती. लग्नानंतरचा पहिला हिवाळा तिने याच उबेत काढला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, घरच तसं आहे.

तिने हाक मारली ती नवऱ्याला ऐकू गेली, शेजाऱ्यांनाही गेली. म्हाताऱ्याला उचलून आत आणलं. नवरा त्याचे तळपाय चोळत बसला. सुनेने कोपऱ्यातली पहार उचलली आणि उंच भिंतीवर घातली. कारवीच्या काठ्या कडाकडा मोडल्या. पांढरी माती वाकळांवर पडली, चुलीवरच्या आंबिलीत पडली, तिच्या केसांत पडली. ती थांबली नाही. बांधायला कितीतरी दिवस लागलेली ती भिंत ऊन अंगणात यायच्या आत खाली आली, जुन्या कमरेएवढ्या भिंतीपर्यंत. तिने वरच्या झरोक्यातला पेंढाही ओढून काढला.

मग ती स्वतः जाऊन गुरं घेऊन आली. बैल आले. तांबूला दाव्याची गरज पडली नाही. ती आली आणि आपल्या जुन्या जागी, भिंतीला अंग लावून बसली. कसली तक्रार नाही, कसला रुसवा नाही.

दिवेलागणीपर्यंत घर उबदार झालं. चुलीत फक्त भाकरीपुरता जाळ होता. बाळ खोकायचं थांबलं, मूठ तोंडात घालून निजलं, आणि त्या रात्री कुणीही त्याच्या नाकाखाली बोट धरलं नाही.

म्हातारा मात्र उठून बसला नाही. आपल्या जागेवर, भिंतीशी, तो पडून राही. त्याच्या छातीत गारठा शिरला होता. सून त्याला चमच्याने पेज भरवी.

"मामंजी," एकदा तिने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना? ऊब गुरांची होती म्हणून?"

"छे गं. मला कुठलं ठाऊक!" त्याचा आवाज बसला होता. "मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे. तांबूशिवाय करमत नाही म्हणून पाठ गार लागते. तू गुरं बाहेर काढलीस, मग हळूहळू ध्यानात आलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तू बायकांना घर दाखवत होतीस. किती हौसेनं! कोण मोडणार ते?" तो थोडा थांबला. दम लागला होता. "आणि सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

तिने खरं तेच सांगितलं. "नसतं ऐकलं."

"मग झालं तर." तो हसला. "पण सांगायला हवं होतं. तेवढं माझंही चुकलं. तू सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नकोस. तुला ती सवय आहे."

सून सांडलेली पेज पुसत राहिली.

थंडी सरायच्या आतच म्हातारा गेला. त्याला निरोप द्यायला गाव जमला. कुणी सुनेला एका शब्दाने बोललं नाही. तिला वाटत होतं, कुणीतरी बोलावं.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर ती शेजारणीकडे गेली. शेजारणीच्या अंगणात कारवीच्या काठ्यांची रास पडली होती आणि माती कालवून तयार होती. सुनेने घडलेलं सगळं तिला सांगितलं. स्वतःचं ते संध्याकाळचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं.

शेजारणीने कालवलेल्या मातीतून पाय बाहेर काढला. "पण तुझं घर फार सुंदर दिसत होतं गं," ती हळूच म्हणाली.

"दिसत होतं," सून म्हणाली.

शेजारणीने त्या मातीने अंगण सारवून टाकलं. काठ्या चुलीत गेल्या.

पुढे हिवाळे आले आणि गेले. बाळ चालू लागलं, मग पळू लागलं. तांबू गेली, तिच्या जागी तिची नात आली. बाहेरून थंडीत काकडत येणारा पाहुणा त्या घरात पाय ठेवताच हात सैल सोडी आणि म्हणे, "वा! काय उबदार ठेवलंयस गं घर!"

सून भिंतीशी असलेल्या त्या रिकाम्या जागेकडे बघे. तिथे ती कुणाला बसू देत नसे.

"मी नाही ठेवलं," ती म्हणे. "ते आधीपासूनच होतं."

तात्पर्य: घर उबदार करायला निघण्याआधी, घरातली ऊब आजवर कुणाकुणाच्या अंगातून येत होती ते बघावं, आणि त्यांनाच दाराबाहेर काढू नये.